जित्या आईचं कातडं

यमगर वस्ती, ता. आटपाडी
सोमवार, ४ नोव्हेंबर

अपेक्षा,

सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. लिहायला घेतला होता, मग म्हटलं राहू दे. मिरजेच्या दवाखान्यात तुला आशीर्वाद देणारे पुष्कळ असतील. म्हाताऱ्यांना सलाईन नीट लावलं की ते देतातच.

पत्र बघून हसू नकोस. माझा नंबर तू बंद करून ठेवलास, मग मी काय करू? तुला वाटतं मी फोनवर अमृतला मुद्दाम रडवायची. चार वर्षांचं पोर आईचा आवाज ऐकून रडणार नाही तर काय करणार? मी त्याला कधी चिमटा काढला नाही. एकदा काढला, पण त्या दिवशी तो फारच खुशीत बोलत होता.

काल भाऊबीज झाली. तुझा बाप आला नाही. मी सकाळी न्हाऊन ताट तयार केलं, करदोटा ठेवला, सुपारी ठेवली आणि दुपार कलेपर्यंत ओट्यावर बसून राहिले. वस्तीवरच्या सगळ्या बाया आपापल्या भावांना ओवाळून मोकळ्या झाल्या आणि येता-जाता माझ्याकडे बघत होत्या. तू सून म्हणून या घरात आलीस ती माझ्या भावाची लेक म्हणून आलीस. आता सूनही गेली आणि भाऊही गेला. नर्सिंगचा कोर्स तुला मीच करू दिला होता, हे तुझ्या बापाला एकदा सांग.

हरिबा कंडक्टरने तुझा निरोप दिला. रविवारी तुला सुट्टी आहे, तू येणार आणि अमृतला मिरजेला नेणार. खोली घेतलीस म्हणे, समोरच बालवाडी आहे म्हणे. बालवाडीचं कौतुक मला सांगू नकोस. तीस वर्षं अंगणवाडी चालवली मी. या पंचक्रोशीतली अर्धी पोरं माझ्याकडे 'अ अननसाचा' शिकली. तूही त्यातलीच.

आषाढातल्या बेंदराच्या दुसऱ्या दिवशी तू गेलीस. जाताना मी दारात आडवी उभी राहिले होते आणि म्हणाले होते, नोकरी करायची तर कर, पोर इथे ठेव आणि जा. मला वाटलं होतं तू बॅग खाली ठेवशील. तू पोर खाली ठेवलंस. त्याला म्हणालीस, उद्या येते. तेव्हापासून तो रोज सकाळी उठला की विचारतो, "आजी, आज उद्या हाय का?" खुंटीवर तुझी मोरपंखी साडी राहिली आहे ना, ती घेऊन झोपतो. धुवायला काढली तर लोळण घेतो, म्हणून धुतलेली नाही.

इकडे आता सकाळी थंडी पडते आणि दुपारी डोकं तापतं. बाजरी काढून झाली, शाळू गुडघ्याला आला. कोंडीबाभावजी काल माळावर उभे राहून म्हणाले, वारं फिरलं. म्हणजे चार दिवसांत मेंढरं पश्चिमेला निघणार. सगळी वस्ती रिकामी होईल. अमृत गेला तर या घरात राहणार मी आणि फ्रिज. तानाजी तिकडे सेलमला सोनं गाळत बसलाय. त्याला फोन केला तर म्हणतो, "आई, तुमी दोघी बघा काय ते." माझ्या पोटी असा मुलगा आला, त्याला मी काय करू?

तेव्हा ये रविवारी. चहा मिळेल. पोराचं मात्र मी काही कबूल केलेलं नाही.

तुझी आत्या


मंगळवार, ५ नोव्हेंबर

अपेक्षा,

कालचं पत्र हरिबाने दवाखान्याच्या गेटवर दिलं असेल. तो चांगला माणूस आहे. तुझ्या सासऱ्यांबरोबर त्याने दहा वर्षं एकाच गाडीवर काढली, म्हणून अजून माझं ऐकतो.

आज माळावर कातरणी होती. निघायच्या आधी मेंढरांची लोकर उतरवावीच लागते, नाहीतर कुसळं अडकून जखमा होतात. तुला हे माहीत आहे, पण तू आता विसरली असशील, दवाखान्यात सगळं कसं पांढरं आणि स्वच्छ. मी अमृतला घेऊन गेले. घरी बसून दाराकडे बघत बसण्यापेक्षा बरं.

एक मेंढी पहाटे पोट फुगून मेली होती. ओल्या शाळूत शिरली आणि कोवळा पाला खाल्ला. तिचं कोकरू मागे ओरडत हिंडत होतं. दुसऱ्या एका मेंढीचं कोकरू कालच मेलं होतं आणि तिची कास दुधाने तटतटलेली. पण परक्या कोकराला ती जवळ येऊ देईना, डोक्याने हाणत होती. तेव्हा भावजींनी जे करतात ते केलं. मेलेल्या कोकराचं कातडं काढून पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधलं. दीपमालाने ते उचलून मेंढीपुढे धरलं. मेंढीने हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि गप उभी राहिली. कोकरू पिऊ लागलं.

दीपमाला म्हणजे भावजींची सून, गुंडाची बायको. तुझ्या लग्नात कोपऱ्यात उभी राहून वाढत होती ती. आठ वर्षं झाली लग्नाला, कूस उजवली नाही. दोन वेळा मिरजेलाच दाखवून आणली. तुझ्या दवाखान्यात नाही, दुसरीकडे. बोलत नाही फारसं. पोर दिसलं की तिचे हात आपोआप पुढे येतात, तेवढंच.

अमृत उकिडवा बसून सगळं बघत होता. भावजींना म्हणाला, "नाना, त्याची आई कुठं गेली?"

"मेली रं बाळा."

"उद्या येनार न्हाई?"

"मेल्यालं माणूस येतंय व्हय कवा?"

"मग ही कोन?"

"ही बी आईच आता. कातडं हाय तवर तिला वाटतंय आपलंच हाय. आन चार दिसांनी कातडं काढलं तरी ती सोडत न्हाई. दुधाचा वास लागतो नव्हं का."

घरी येताना अमृत माझ्या हाताला धरून चालत होता. पाण्याच्या टाकीजवळ आल्यावर विचारलं, "आजी, जी येत न्हाई ती मेलेली आसती?" आता मी काय उत्तर देणार होते, सांग. मी म्हणाले, हो. एवढंच म्हणाले. रात्री जेवताना त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हणाले. झोपताना तिसऱ्यांदा मीच विचारलं, "जी येत नाही ती काय?" तो म्हणाला, "मेली."

मुलाला एक गोष्ट तीनदा सांगितली की ती त्याची होते. अंगणवाडीत आम्ही असंच शिकवायचो. तू चिडू नकोस. तुझी आई गेली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. तुझ्या बापाने आणि मी तुला सांगितलं, आई गावाला गेली, उद्या येणार. तू दोन वर्षं दारात बसायचीस. एसटी थांबली की पळत जायचीस आणि कुणीतरी भलतीच बाई उतरायची. ते मी बघितलंय. माझ्या नातवाला मी तसं बसवणार नाही.

वाट बघणारं पोर बघवत नाही मला. मेलीचं निदान रडून संपतं.

तुझी आत्या


बुधवार, ६ नोव्हेंबर

अपेक्षा,

पहाटेच्या गाडीने हरिबा माझं पत्र घेऊन गेला आणि दुपारी तुझी पिशवी घेऊन आला. निळा स्वेटर, बिस्किटांचे पुडे आणि चिठ्ठी. "आत्या, त्याला असं सांगू नका. मी पाया पडते. आई रविवारी येणार एवढंच सांगा." पाया पडायचं तर माणसाने समोर यावं, चिठ्ठीत काय कुणीही पडेल.

स्वेटर तू स्वतः विणलास असं हरिबा म्हणाला. रात्रपाळीला पेशंट झोपले की विणत होतीस म्हणे. डावी बाही उजवीपेक्षा मोठी झालीय. लहानपणीही तुझ्या पाटीवरच्या ओळी अशाच वर-खाली व्हायच्या. पण अमृतला आवडला. अंगातून काढू देईना. विचारत होता, कुणी दिला.

मी म्हणाले, दीपमालाकाकूने.

लिहून टाकलं बघ. म्हटलं, कळायचंच आहे तर माझ्याकडून कळू दे, हरिबाकडून कशाला. तो तिथेच उभा होता, त्याचं तोंड एवढंसं झालं. "बाई, आवं ह्ये काय?" म्हणाला. मी म्हणाले, तू तुझी तिकिटं फाड.

मग तो गेल्यावर मी तुझी मोरपंखी साडी खुंटीवरून काढली. न धुता, तशीच. दीपमालाला बोलावून म्हणाले, ही नेस. ती नेसली. तुझ्यापेक्षा तिला उंचीला बरोबर बसते, तू नेसायचीस तेव्हा टाचेत यायची. अमृत झोपाळलेला होता. स्वेटर घालून तिच्या मांडीवर गेला, पदरात तोंड घातलं आणि झोपला. दीपमाला हलली नाही. तिच्या पायाला मुंग्या आल्या असतील, ऊन पायावर येऊन तिथून भिंतीवर गेलं, तरी हलली नाही. रडत होती ती. मला तिचा राग आला आणि तरीही मी तिला चहा करून पाजला.

भावजी आत आले ते साडी बघून दारातच थांबले. त्यांना कळायला वेळ लागला नाही, मेंढरांत जन्म गेलाय त्यांचा.

"वैनी, ह्ये बरं न्हाई."

"काय बरं नाही?"

"मेल्याल्याचं कातडं काढत्यात. तुमी जित्या आईचं कातडं काढाय लागलाय."

मी म्हणाले, जिती असती तर इथे असती. त्यांनी पागोटं काढलं, पुन्हा बांधलं आणि चालते झाले. म्हातारा झाला की माणूस मऊ होतो. मीही साठीची झाले, पण मला तसं व्हायला वेळ मिळाला नाही.

तुला वाटत असेल, आत्या एवढी वाईट कधीपासून झाली. मी काही वाईट नाही. तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, तुझ्या पहिल्या पाळीला मी तुला गुळाचा शिरा करून घातला, तुझ्यासाठी स्थळं बघायची वेळ आली तेव्हा मी माझाच मुलगा पुढे केला, कारण तू दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेली मला चालणार नव्हती. आणि तू बॅग उचलून गेलीस. मला एकदा मागे वळून बघितलं नाहीस. अमृतला बघितलंस, मला नाही.

वारं आजही उत्तरेचंच आहे. ओठ फुटलेत.

आत्या


गुरुवार, ७ नोव्हेंबर

अपेक्षा,

मेंढरं गेली. अमृतही गेला.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू काय करशील याचा मी सकाळपासून विचार करते आहे. हातात ट्रे असेल तर आधी खाली ठेव.

सकाळी घोडी लादली. जाजम, भांडी, पिठाचं पोतं, वर जाळीत कोकरं आणि कोंबड्या. बाया पुढे, मेंढरं मधे, गडी मागे. वस्तीवर दर वर्षी हे होतं आणि दर वर्षी म्हातारी माणसं मागे राहून धूळ खातात. भावजी त्याला न्यायला तयार नव्हते. मी म्हणाले, बरं, नका नेऊ, मग रविवारी पोर मिरजेला गेलं की तुमच्या भावाच्या घराला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याच कनवटीला ठेवा. मोठ्या भावाचं नाव काढलं की ते नमतात. गुंडा बापाला म्हणाला, "घ्या की तात्या, आठ दिस हिंडंल आन यील." दीपमालाने आधीच घोड्यावर त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती, खाली तुझी साडी घडी करून.

कुठे गेले ते तुला सांगणार नाही. तुला वाटा माहीत आहेत, पण त्या दर वर्षी बदलतात. कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला बोलावणं येईल तिकडे जातात. पुढे मेढ्याकडे वळतील किंवा पाटणकडे. सातारा जिल्हा मोठा आहे, आणि त्याच्या खाली कोकण आहे. फोन करशील तर भावजींचा फोन माझ्या कपाटात आहे. त्यांना वाटतंय वाटेत पडला. गुंडाचा पावसाळ्यात भिजला तो भिजलाच.

रविवारी ये. घर बघ, प्रत्येक खोली बघ, पलंगाखाली बघ. मी तुला अडवणार नाही.

अमृत खुशीत होता. घोड्यावर बसायला मिळालं, कोकरू मांडीवर. ओढ्याच्या उतारापर्यंत मी बरोबर चालले. तिथे थांबले तर त्याने मान वळवली.

"आजी, चल की."

"तू हो पुढे."

"तू कवा येनार?"

मी म्हणाले, उद्या येते.

तोंडातून तेवढंच निघालं. तो काही रडला नाही. माझ्याकडे नुसता बघत राहिला, घोडी ओढा उतरून पलीकडे जाईपर्यंत.

संध्याकाळी सवयीने त्याची छोटी ताटली मांडली. भाकरीचे बारीक तुकडे केले, दुधात घातले. मग मीच खाल्ले. थंडी फार आहे. रजई नेली की नाही त्याची, मी बघितलंच नाही.

आत्या


शुक्रवार, ८ नोव्हेंबर

अपेक्षा,

तू आली नाहीस.

मी दुपारच्या गाडीला स्टँडवर जाऊन उभी होते. संध्याकाळच्या गाडीलाही. मला वाटलं होतं, पत्र वाचून तू चपला न घालता निघशील. झिंज्या सोडून माझ्या दारात बोंब मारशील. वस्तीवर कुणी उरलेलं नाही, मारली असतीस तरी कुणी ऐकलं नसतं. भांडायला तरी कुणी हवं होतं मला आज. तू ड्युटी केलीस. म्हणजे बघ आता, कोण कसली आई ते.

हे मी हरिबाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "बाई, तिनं पत्र वाचलं आन तिथंच गेटापाशी खाली बसली. बरोबरच्या दोघी पोरींनी उचलून आत न्हेली. अर्ध्या तासानं भाईर आली तर टोपी घातलेली, तोंड धुतल्यालं. मला म्हनली, हरिबामामा, आत्यांना सांगा, वॉर्डात तीन जण ऑक्सिजनवर हायत, मला सोडत न्हाईत. मी रविवारीच यीन."

मी विचारलं, अजून काय म्हणाली?

"इचारलं, त्याची रजई दिली का."

मी आत निघून आले.

रजई इथेच आहे. पलंगावर पडली आहे. दिवसभर माझ्या नजरेसमोर होती आणि मला दिसली नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना सर्दी झाली की मी त्यांच्या आयांना शिव्या घातल्या आहेत.

हरिबा हे पत्र घेऊन जाणार नाही असं म्हणतोय. "बाई, आता ह्ये मी न्हाई न्हेनार. लय झालं. माझ्या हातानं तिला दगड मारल्यागत वाटतंय." इतकी वर्षं त्याला घरी जेवायला वाढलं. सगळे तुझ्याच बाजूचे निघाले.

तर मग हे पत्र माझ्याकडेच राहील. राहू दे. मी उद्या रजई देऊन येते. म्हसवडच्या अलीकडे असतील, तिथल्या एका डाळिंबवाल्याने चार रात्री मेंढरं बसवायला सांगितली होती. रजई द्यायची आणि त्यालाही परत घेऊन यायचं. मला त्याच्याशिवाय होत नाही, हे तुझ्यासमोर म्हणायला मला लाज वाटते, पण तू कुठे समोर आहेस. रविवारी तू येशील तेव्हा तो माझ्या मांडीवर बसलेला असेल. मग आपण बघू तो कुणाकडे येतो.

आत्या


रविवार, १० नोव्हेंबर, सकाळ

अपेक्षा,

हे पत्र दाराच्या कडीत खोवून ठेवते आहे, खाली शुक्रवारचंही आहे. ते आधी वाच. मी आत आहे. कडी आतून लावली आहे, दार वाजवू नकोस, आधी हे वाच. तोंडाने मला हे सांगता येणार नाही.

काल गेले होते मी. म्हसवडच्या अलीकडे कॅनॉलजवळ गाडीवाल्याने उतरवलं. रजई डोक्यावर घेऊन बांधाबांधाने गेले. लांबूनच मेंढरं दिसली आणि मोरपंखी साडी दिसली. मी बांधावरच थांबले, म्हटलं अपेक्षा इथे कशी. मग लक्षात आलं.

दीपमाला तीन दगडांवर भाकरी थापत होती. अमृत तिच्या पाठीला पाठ लावून बसला होता, तुझा स्वेटर घालून. गालाला काळं लागलेलं. मांडीवर ते कोकरू होतं. त्याच्या पाठीवरचं कातडं आता काढून टाकलं होतं, वळ तेवढे राहिलेले.

डाळिंबवाल्याची बायको दूध घेऊन आली होती. मला बघून म्हणाली, "बाळा, बघ की रं, कोन आलंय. तुजी आजी हाय न्हवं?"

त्याने माझ्याकडे बघितलं, अपेक्षा. नीट बघितलं. त्याला मी ओळखू आले, मी डोळे ओळखते पोरांचे, तीस वर्षं तेच केलंय. मग कोकराच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "आजी मेली."

ती बाई दचकली. "आरं, आसं काय बोलतूस? समोर हुबी हाय की."

"उद्या येते म्हनली आन आली न्हाई. जी येत न्हाई ती मेली." एकेक शब्द सुटा, घोकून बसलेला. मी शिकवलेली पोरं अशीच म्हणतात. मग दीपमालाचा पदर ओढून म्हणाला, "आये, मला भाकर."

मी म्हणाले, अरे आले ना, एक दिवस उशीर झाला, बघ तुझी रजई आणली. मी त्याला उचलायला गेले. तो किंचाळला. असा किंचाळला की कुत्री उठली. मेंढी डोकं मारते ना, तसं त्याने डोकं मारलं माझ्या छातीवर. अजून दुखतंय.

मी दीपमालाला म्हणाले, सोड त्याला, मी घेऊन जाते. ती उठून उभी राहिली. आठ वर्षांत मी तिचा चढा आवाज ऐकला नव्हता. कालही चढा नव्हता.

"थोरल्या आत्या, तुमीच दिलाय. तुमच्या हातानं साडी नेसवलीसा. आता मी न्हाई द्यायची."

"तो तुझा नाही."

"मग कुनाचा? त्याची आई मेली म्हनून तुमीच सांगितलं त्याला. आजी बी मेली. मी हाय."

भावजींकडे बघितलं तर ते कुऱ्हाडीने फांद्या तोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "लागलंय आता ते तिला. आता वढून काढलं तर दोनी बी मरत्याल. तुमी जावा वैनी, ऊन व्हायच्या आत." गुंडाने मला रस्त्यापर्यंत सोडलं. रजई दीपमालाने ठेवून घेतली. तेवढी मात्र घेतली.

रात्रभर मी जागीच आहे. तू गेटापाशी खाली बसलीस म्हणून मला शुक्रवारी बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं होतं. आता कळतंय तसं खाली बसणं काय असतं ते.

मंगळवारपर्यंत ते तिथेच आहेत. मग उठतील आणि मेढ्याच्या बाजूला जातील, तिथून पुढे मला वाट सांगता येणार नाही. कॅनॉलचा पूल, डावीकडे डाळिंबाची बाग, तिच्या मागचं पडीक रान. कोंडीबाभावजींचा फोन उंबऱ्यावर ठेवला आहे, तू त्यांना तो देऊ शकतेस. दहाची दहिवडी गाडी मिळाली तर दुपारपर्यंत पोचशील. तुझी साडी आहे, तुझा स्वेटर आहे. कदाचित तो तुला बघून पळत येईल. तू त्याची जन्मदाती आहेस, काय सांगावं.

मला तुझ्याबरोबर यायचं आहे. कडी वाजव, मी तयार बसले आहे, चपला घातलेल्या आहेत. मी माफी मागणार नाही आणि तू मागायला लावू नकोस. मी येणार ते एवढ्यासाठी की तू त्याच्यासमोर उभी राहशील, कुणीतरी विचारेल, ही कोण रं तुझी, आणि तो तोंड उघडेल. ते मला ऐकायचंय. मी एकटीनेच का ऐकावं?

आत्या